दमयंती नुसती वाट पाहत बसली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला नल-दमयंतीवरचा लेख वाचला. हंसाचा प्रसंग फार सुरेख उतरला आहे. पण स्वयंवर आटोपल्यावर लेखकाने उरलेली कथा चार ओळींत गुंडाळली आणि दमयंतीच्या सहनशीलतेमुळे नलाची कलीच्या (कलियुगाच्या अधिपतीच्या) तावडीतून सुटका झाली, असा शेवट केला. हे मला अजिबात पटले नाही, म्हणून हे पत्र.

दोष एकट्या लेखकाचा नाही. रघुनाथ पंडितांच्या आख्यानाने नलाने धरलेल्या हंसाचा विलाप मराठी माणसाच्या तोंडी बसवला. ते काव्य गोडच आहे, पण त्याचा जीव स्वयंवरात आहे. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी ही कथा युधिष्ठिराला सांगतात, तेव्हा तोही द्यूतात सर्वस्व घालवून अरण्यात बसलेला असतो. त्याला स्वयंवराचे काय? त्याला ऐकायचे आहे ते पुढचे.

कली नलाच्या अंगात शिरतो, भाऊ पुष्कर याच्याबरोबरच्या द्यूतात राज्य जाते, नेसूचे वस्त्रही पक्षी घेऊन उडतात. अरण्यात झोपलेल्या दमयंतीचे अर्धे वस्त्र कापून नल निघतो, परत येतो, पुन्हा निघतो. मूळ कथेत इथे झोक्याची उपमा आहे. पुढे कर्कोटक नाग डसतो, रूप पालटते आणि निषधांचा राजा बाहुक नावाचा कुरूप सारथी होऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या चाकरीला राहतो.

आणि दमयंती? जाग आल्यावर ती रडते, पण शापही देते: ज्याच्यामुळे नलावर ही वेळ आली, त्याच्या वाट्याला याहून मोठे दुःख येवो. पुढे नलाच्या शरीरातून बाहेर पडल्यावर कली स्वतःच सांगतो, की तो इतके दिवस या शापाने होरपळत होता आणि कर्कोटकाच्या विषाने जळत होता. याला सहनशीलता म्हणायचे? चेदीच्या राजवाड्यात अंगावर अर्धे वस्त्र, केस विस्कटलेले अशा अवस्थेत ती पोचते. तरी राजमातेकडे सैरंध्री (दासी) म्हणून राहताना अटी घालते. उष्टे खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही, आणि कुणी मागे लागला तर त्याला शिक्षा झाली पाहिजे.

माहेरी परतल्यावर खरा शोध सुरू होतो. चारी दिशांना निघालेल्या ब्राह्मणांना ती सभासभांतून म्हणायला एक प्रश्न देते: अरे जुगाऱ्या, झोपलेल्या पत्नीचे अर्धे वस्त्र कापून तू कुठे गेलास? त्यांतला पर्णाद अयोध्येहून एका सारथ्याचे उत्तर घेऊन येतो. मग वडिलांना कळू न देता, आईला विश्वासात घेऊन, ती सुदेव नावाच्या ब्राह्मणाकरवी ऋतुपर्णाला निरोप धाडते, की उद्या सूर्योदयाला दमयंतीचे दुसरे स्वयंवर आहे. शंभर योजने एका दिवसात रथ हाकणारा माणूस एकच, हे तिला ठाऊक होते.

माझा मुद्दा इथेच आहे. याच प्रवासात बेहड्याच्या झाडापाशी ऋतुपर्ण नलाला अक्षविद्या, म्हणजे फासे खेळण्याची विद्या, देतो आणि ती मिळताच कली विष ओकत बाहेर पडतो. तो रथ दमयंतीच्या युक्तीने जुंपला गेला होता. ही युक्ती नसती तर नल अयोध्येत घोडेच सांभाळत राहिला असता. मागाहून त्याने पुष्कराला पुन्हा खेळायला लावून राज्य परत जिंकले आणि त्याला क्षमा केली, तेही त्याच विद्येच्या जोरावर.

बाहुक विदर्भात आल्यावरही ती धावत जाऊन गळ्यात पडत नाही. दासी केशिनीला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगते, त्याच्या हातचे अन्न मागवून चाखते, दोन्ही मुलांना त्याच्याकडे पाठवते. मग समोर बोलावून विचारते: बाहुका, झोपलेल्या बायकोला अरण्यात टाकून गेलेला कुणी धर्मज्ञ पुरुष तू पाहिला आहेस का? मला हा सबंध कथेतला सर्वांत धारदार क्षण वाटतो. तिचे प्रेम तसूभरही कमी झालेले नाही आणि जाबही सुटलेला नाही. नलानेही उलट दुसऱ्या स्वयंवराचा जाब विचारला, तेव्हा वायूला साक्ष द्यावी लागली.

फ्रान्झ बॉपने १८१९ साली लंडनमध्ये हे उपाख्यान लॅटिन भाषांतरासह छापले आणि युरोपातल्या अनेकांनी संस्कृतचे पहिले धडे त्यावर गिरवले. परक्या मुलखातले विद्यार्थी शब्द शोधत शोधत शेवटपर्यंत गेले. दमयंती तर आमच्या विदर्भाची, भीमराजाची लेक. वर्धेकाठचे कौंडण्यपूर म्हणजेच तिचे कुंडिनपूर मानतात; रुक्मिणीचे माहेर म्हणून ते गाव सर्वांना ठाऊक आहे, दमयंतीचे नाव मात्र क्वचितच निघते.

पुरवणीत या लेखाचा उत्तरार्ध द्यावा, अशी मनापासून विनंती. जागा कमी असेल तर हंसाला थोडे आवरते घ्या, पण पर्णाद, केशिनी आणि तो प्रश्न यांना वगळू नका.

आपला,
एक वाचक, अमरावती