माझ्या बाबांना तुम्ही रागावला नाहीत, त्यासाठी

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार, आणि बाबांच्या पद्धतीनं जय गुरु.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही. आमच्या गावात तुम्हाला नावानं कोणी हाक मारतही नसे. 'गोळीवाले भाऊ आले' एवढंच. हिरवी सायकल, हँडलला कापडी पिशवी, पिशवीत कुष्ठरोगाच्या गोळ्यांची पाकिटं आणि एक लांबट रजिस्टर. तुम्ही निवृत्त झाल्यावर मी दोनदा तालुक्याला जाऊन चौकशी केली. बदली होऊन कुठे गेलात, तिथून पुढे कुठे, कोणालाच सांगता आलं नाही. म्हणून हे उघडं पत्र लिहिते आहे. कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवील.

निमित्त झालं 30 जानेवारीचं. 2017 पासून 'स्पर्श' अभियानात गांधीजींच्या पुण्यतिथीला ग्रामसभेत कुष्ठरोगाची प्रतिज्ञा वाचतात. मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून सरपंचांनी कागद माझ्या हातात दिला. मी वाचत होते आणि मागच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काही म्हना, मागच्या जन्माचंच असते हे." अगदी माझ्या आजीचा आवाज. पूर्वी मी कागद ठेवून तिच्याशी भांडले असते. त्या दिवशी प्रतिज्ञा पुरी केली आणि तिच्याजवळ जाऊन बसले. घरी आल्यावर वाटलं, हे बसणं मी तुमच्याकडून शिकले, आणि तुम्हाला ते कधी सांगितलंच नाही.

भाऊ, तुम्हाला 2001 चा पोळा आठवतो का? तुम्ही आमच्याकडे आलात ते पोळ्यानंतर चार दिवसांनी, पण मला सांगायचंय ते पोळ्याच्या दिवसाचं. महाशिवरात्रीपासून माय गुरांच्या कोठ्यात राहत होती. तोंडावर सूज, कानाच्या पाळ्या जाड झालेल्या, हातावर पाठीवर चट्टे. चुलीवरचं गंज तिनं उघड्या हातानं उतरवलं आणि कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं की हात भाजला. आजी म्हणाली, रक्तपिती हाय. कोणत्या जन्मीचं पाप या घरात आणलं कोणास ठाऊक. बाबांनी दुसऱ्या दिवशी कोठ्यात बाज टाकली. तिचं ताट वेगळं, लोटा वेगळा.

पोळ्याला बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या, ओवाळलं. बाबांनी आपल्या हातानं त्यांना पुरणपोळी चारली. आणि त्याच कोठ्यात, बैलांच्या पलीकडे बसलेल्या मायचं ताट मी जमिनीवर ठेवून काडीनं पुढे सरकवलं. मी. सतरा वर्षांची, बारावी सायन्सला असलेली. जंतू काय असतो हे पुस्तकात वाचलेली. 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सेननं या रोगाचा जंतू शोधून काढला होता, आणि सव्वाशे वर्षांनी आमच्या अंगणात मागच्या जन्माचा हिशोब चालला होता.

मग शोधमोहिमेत तुम्ही आलात. तुम्ही थेट कोठ्यात शिरलात, बाजेवर मायच्या शेजारी टेकलात. तिनं अंग चोरलं. तुम्ही तिच्या कोपराजवळची शीर बोटांनी चाचपलीत आणि खिशातला बॉलपेन काढलात. "वहिनी, डोळे मिटा. मी जिथं टेकवीन तिथं बोट ठेवून दाखवा." दंडावर टेकवलात, तिनं बरोबर दाखवलं. मनगटाच्या वर टेकवलात, दाखवलं. मग चट्ट्यावर टेकवलात. एकदा, दोनदा, चारदा. माय डोळे मिटून शांत बसलेली. जरा वेळानं म्हणाली, "कवा लावता, भाऊ?"

मी दारात उभी होते. तुम्ही काही न बोलता पेन खिशात ठेवलात आणि तिचा हात तसाच हातात धरून बसलात. सहा महिन्यांत तिला कोणी हात लावला नव्हता.

"म्या काय पाप केलं, भाऊ?" तिनं विचारलं. ती हे रोज देवाला विचारायची. पंढरीला जाऊन आलेली बाई, पण तुळशीला पाणी घालायचंही तिनं सोडलं होतं, आपला हात लागू नये म्हणून. तुम्ही म्हणालात, "वहिनी, पाप असतं तर ते गोळीनं गेलं असतं का? हे तर बारा पाकिटांत जाते." तुम्ही तिच्या देवाला धक्का लावला नाहीत, उलट तो तिला परत दिलात. पुढच्या एकादशीला तिनं आंघोळ करून तुळशीला पाणी घातलं.

पहिला डोस तुमच्यासमोर घेतला तिनं. तांबड्या कॅप्सूल, तपकिरी कॅप्सूल, पांढरी गोळी. जाताना तुम्ही आमच्याकडे वळून सांगितलंत की लघवी तांबडी होईल, ते रक्त नाही. अंगाचा रंग काळपट पडेल, तो रोग वाढल्यानं नव्हे, औषधामुळे, बंद झालं की हळूहळू जाईल. पहिल्या डोसनंतर थोड्याच दिवसांत तिच्यापासून कोणाला लागण व्हायची नाही. हे आधी सांगितलं नसतं तर पहिल्याच आठवड्यात पाकीट उकिरड्यावर गेलं असतं. एवढी सगळी माहिती तुम्ही मायला, मला, आजीलाही सांगितलीत. बाबा अंगणाच्या टोकाला पाठमोरे उभे होते. त्यांना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत.

मला ते सहन झालं नाही. तुमची सायकल वेशीपाशी गाठून मी विचारलं होतं, "बाबांना तुम्ही काहीच का नाही बोलले?" मला वाटत होतं की सरकारी माणूस आहे, चांगला दम देईल, पोलिसांचं नाव काढील. त्या सहा महिन्यांत मी बाबांशी बोलले नव्हते. त्याच आठवड्यात नात्यातला एक जण येऊन सांगून गेला होता की सोडचिठ्ठी घेऊन टाका, कायद्यातच आहे. खरंच होतं ते. 2019 मध्ये दुरुस्ती होईपर्यंत कुष्ठरोग हे आपल्या कायद्यात घटस्फोटाचं कारण होतं. बाबांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

तुम्ही सायकल स्टँडवर लावलीत. म्हणालात, "बोललो असतो, बेटा. पण मी तर निघून जातो. माह्या बोलण्याचा राग मागून कोणावर निघाला असता? तुह्या मायवरच ना?" आणि मग म्हणालात, "तुहा बाप भ्यायला हाय. भ्यायलेल्या माणसाले अजून भेववू नये."

मला पटलं नव्हतं. बाबांनी केलं ते चूकच होतं, आजही मी त्याला दुसरं नाव देत नाही. तुम्हीही दिलं नव्हतं. तुम्ही फक्त एवढं सांगितलंत की तुमच्या सख्ख्या काकांना घरच्यांनी असंच वावरातल्या झोपडीत ठेवलं होतं, आणि त्यांची भाकर घेऊन जायचं काम तुमच्याकडे होतं. "मी दुरून फेकायचो. एकदा मातीत पडली. काकानं उचलली, पुसली, अन् मलेच विचारलं, तू जेवला का?" पुढे ते काका वर्ध्याजवळ दत्तपूरला गेले, मनोहरजी दिवाणांनी 1936 मध्ये सुरू केलेल्या कुष्ठधामात, आणि तिथे सूत कातत जगले. एवढं बोलून तुम्ही पेडल मारलंत. मी पोळ्याचं ते ताट आठवत वेशीवर उभी राहिले. काडीनं सरकवलेलं. बाबांना देण्यासाठी जो दम मी तुमच्याकडे मागत होते, त्यातला अर्धा मलाच लागू होता, आणि तुम्हाला ते दिसत असूनही तुम्ही मला बेटा म्हणाला होतात.

पुढच्या महिन्यात तुम्ही मुद्दाम संध्याकाळी आलात. बाबा रोज दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थनेला जायचे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या फोटोपुढे मांडी घालून बसायचे. तुम्ही मागच्या ओळीत जाऊन बसलात. तिथून घरापर्यंत तुम्ही दोघं चालत आलात ते बाबांनी मला खूप वर्षांनी सांगितलं. वाटेत तुम्ही विचारलं होतं, सेवाग्रामला गेले होते का, दादा? बाबा गेले होते. तिथली परचुरे शास्त्रींची कुटी पाहिली का? ती त्यांनी पाहिली नव्हती. मग तुम्ही सांगितलंत की परचुरे शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित, येरवड्याच्या तुरुंगापासून गांधीजींच्या ओळखीचे. कुष्ठरोग झाल्यावर ते आश्रमात आले, आणि गांधीजी रोज स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करत. तुम्ही गोष्ट तिथंच सोडलीत, पुढचं काही बोलला नाहीत. बाबा म्हणायचे, "त्यानं मले एकदाही म्हटलं नाही का तूही कर. म्हटलं असतं तर मी केलंच नसतं."

घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "दादा, एक काम होतं. वहिनीच्या पायाले आता कळत नाही. काटा रुतला, खडा लागला तरी समजत नाही. जखम चिघळली तर बोटं जातात. तिले आपला तळपाय दिसत नाही. रोज कोणीतरी पाहायला पाहिजे. तुमची नजर चांगली हाय म्हणतात."

बाबांच्या नजरेची कीर्ती होती खरी. पऱ्हाटीच्या बोंडात शिरलेली अळी ते चालता चालता ओळखायचे. ते बराच वेळ उभे राहिले, मग कंदील घेऊन कोठ्यात गेले. तुम्ही अंगणातच थांबलात, आत गेला नाहीत. मला वाटतं, तुमचं ते न जाणं मला आयुष्यभर पुरलं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी घमेल्यात पाणी. वीस मिनिटं पाय भिजवायचे, खरबरीत दगडानं घट्टे घासायचे, ओल्या पायालाच खोबरेल लावायचं. पहिले काही दिवस बाबा हातभर अंतरावरून कंदील धरून पाहायचे. मग एकदा टाचेत बाभळीचा काटा दिसला. तो दुरून निघण्यासारखा नव्हता. बाबांनी मायचा पाय मांडीवर घेतला.

माय दिवाळीच्या आधी घरात आली. मी बारावीची परीक्षा दिली तेव्हा सहा पाकिटं झाली होती. पुढच्या पावसाळ्यात बारावं पाकीट संपलं आणि तुम्ही रजिस्टरात तिच्या नावापुढे उपचार पूर्ण असं लिहून ते पान तिला दाखवलंत. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या अक्षरांवर बोट फिरवलं आणि कपाळाला लावलं.

सगळं पूर्ववत झालं असं मी सांगणार नाही. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, ती राहिलीच. आजीनं शेवटपर्यंत मायच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि माय तिच्या उशाशी शेवटपर्यंत बसली. 2005 च्या डिसेंबरपर्यंत देशात कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं पुढे जाहीर झालं, म्हणजे दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण. लोकांनी ऐकलं की रोग संपला. तो संपलेला नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत?

2016 मध्ये बाबांना लकवा झाला. दोन वर्षं ते अंथरुणावर होते. माय त्याच वाकड्या बोटांनी त्यांना वरणभाताचा घास भरवायची. घास कधी सांडायचा, मग ती हसायची आणि बाबाही अर्ध्या तोंडानं हसायचे. मी एकदा तिला विचारलं, कोठ्यातले ते महिने विसरलीस का गं? ती म्हणाली, "इसरीन कशी? पण काटाही त्यायनंच काढला ना."

माय आता 65 वर्षांची आहे. अजूनही रोज पाय भिजवते. आता तळपाय मी पाहते. काळ्या मऊ रबराच्या तळाची, बधिर पायाला जपणारी ती एमसीआर चप्पल घालून देवळात जाते. ती म्हणाली आहे की भाऊंना लिही, तुळस चांगली फुलली आहे म्हणून.

आणखी एक सांगायचंय. गेल्या पावसाळ्यात मी शिकवते त्या गावात एका तरुणाला चट्टा निघाला. औषध लगेच सुरू झालं. आता घरच्या माणसांनाही खबरदारी म्हणून औषधाचा एक डोस देतात, तुमच्या वेळी हे नव्हतं. पण त्याची बायको तो डोस न घेताच माहेरी गेली, सासऱ्यांनी दार लावून घेतलं. आशाताईंबरोबर मी त्यांच्याकडे गेले. वाटेत काय काय सुनवायचं ते सगळं ठरवलं होतं. दार उघडलं तर समोर एक भ्यायलेला म्हातारा. मी पाणी मागितलं, प्यायले. म्हटलं, काका, एक काम होतं. दर 28 दिवसांनी जावयाला पाकीट आणायला उपकेंद्रात जावं लागतं, त्याच्या पायाला सध्या जखम आहे, चालवत नाही. तुमच्याकडे मोटरसायकल आहे.

ते म्हणाले, "पाहतो."

मुलगी अजून परतलेली नाही. पण परवा पाकिटाची तारीख होती, आणि शाळेतून येताना मला उपकेंद्राच्या कडुलिंबाखाली ती मोटरसायकल दिसली.

तुमचीच,
काडीनं ताट सरकवणारी ती मुलगी