सत्कार नको म्हणालात, म्हणून हे पत्र

प्रिय बाई,

सप्रेम सलाम.

आपल्या चर्चच्या मंडळीने तुमचा सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा तुम्ही हात जोडून नको म्हणालात. एवढी वर्षं मुलांची रविवारची शब्बाथशाळा चालवली, निम्म्या मंडळीला ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना तुम्ही शिकवलीत, पण शाल नको, फोटो नको, भाषण तर मुळीच नको. पत्राबद्दल मात्र तुम्ही काही बोलला नाहीत. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते कुणी पाहिलं नाही. ते तुमच्या घराच्या ओट्यावर घडलं, तुम्ही शेंगा सोलत होतात तेव्हा.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. भर पावसाळ्यात तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन मी आईच्या दारात उभी राहिले. ओठ फुटलेला होता, हातात एक पिशवी. नवऱ्याचं घर सोडून आले होते आणि परत जायचं नव्हतं. पहिल्याच रविवारी मंडळीतले एक वडीलधारे घरी आले. चांगल्या मनाने आले, हे मी आजही मान्य करते. त्यांनी प्रार्थना केली आणि मग म्हणाले, “बेटा, आपल्या संतांनी केवढं सोसलं! पंडिता रमाबाईंचं चरित्र वाच. आईवडील गेले, भाऊ गेला, नवरा गेला, पोटची मुलगी गेली, तरी तक्रार केली नाही. तुला एवढंही सोसवत नाही?”

बाई, त्या दिवशी मला रमाबाईंचा राग आला. लहानपणापासून ज्यांच्या तसबिरीखाली बसून मी गाणी म्हटली, त्याच बाईला हाताशी धरून कुणीतरी मला परत त्या घरात ढकलतंय, असं वाटलं. पुढे दोन रविवार मी उपासनेला आले नाही.

तिसऱ्या आठवड्यात तुम्ही आलात. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होतीत. काय झालं, कसं झालं, एक शब्द विचारला नाहीत. लेकीला मांडीवर घेतलंत, तिच्या वेण्या घातल्यात आणि जाताना म्हणालात, “उद्या ओट्यावर ये. तुला एक वस्तू दाखवायची आहे.”

ती वस्तू म्हणजे तुमच्या आजीचं बायबल. पाठ उसवलेलं, कापडात गुंडाळलेलं, आत जुन्या कागदाचा वास. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलेलं, त्यांनीच निराधार बायकामुलींसाठी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलेलं. त्या ५ एप्रिल १९२२ ला गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ ला बाहेर आलं. हे सगळं मला शाळेपासून पाठ होतं. त्या पानांवर तुमच्या आजीची बोटं फिरली असतील, हे मात्र मला माहीत नव्हतं. छपन्याच्या, म्हणजे १९०० च्या सुमाराच्या दुष्काळात गुजरातमधून केडगावला आणलेल्या पोरींपैकी ती एक. वय सात-आठ, आईबापांचा पत्ता नाही. मुक्तीत ती आधी अक्षर ओळखायला शिकली आणि मग लग्न होईपर्यंत छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवत राहिली. तुम्ही सांगितलंत, “आजी म्हणायची, खिळ्यावर अक्षर उलटं असतं. त्यामुळे मी पवित्र शास्त्र आधी उलटं वाचलं, मग सुलटं.” यातली कुठली पानं तिने जुळवली हे कुणालाच ठाऊक नाही. तरी तुम्ही एका पानावर बोट ठेवलंत. तिथे एक अक्षर जरासं वर उचललेलं आहे आणि शाई जाड लागली आहे. “हे तिचं असावं,” म्हणालात, “ती घाईची होती.”

मग शेंगा सोलता सोलता तुम्ही मला रमाबाई सांगितल्या. रोज थोड्या थोड्या, जवळजवळ महिनाभर. तसबिरीतल्या रमाबाई मी तिथे पहिल्यांदा खाली उतरलेल्या पाहिल्या.

बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेणारे त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तुम्ही सांगितलेत. दुष्काळात अन्नान्न करून गेलेले आईवडील सांगितलेत, आणि भाऊ श्रीनिवासबरोबर अनवाणी देश तुडवणारी मुलगीही. १८७८ मध्ये कलकत्त्याला पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. लग्न बंगाली बिपिनबिहारी मेधावींशी, जात मोडून, नोंदणी पद्धतीने. दोन वर्षं होतात न होतात तोच पटकीने ते गेले आणि कडेवर लेक मनोरमा राहिली. इथे तुम्ही थांबलात, माझ्या लेकीकडे बघितलंत आणि म्हणालात, “तिने सोसलं, हे खरं आहे. पण ‘सोस’ म्हणून पोरींना परत पाठवायला तिने मुक्ती उभी केली नव्हती. परत जायला जागा नसलेल्यांसाठी उभी केली होती.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला तो या वाक्याने.

मला सगळ्यात आवडलं ते हे की तुम्ही काहीही झाकलं नाहीत. इंग्लंडला वांटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींनी रमाबाईंना आसरा दिला, तिथेच १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच भगिनींशी त्यांनी पत्रांतून कडाकडा वाद घातला. एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितशाहीचं चढवून घेणार नाही, हे त्यांचं म्हणणं तुम्ही मला दोनदा सांगितलंत. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असा धर्माधिकाऱ्यांचा सूर लागला तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. मिळालेलं प्रेम त्या विसरल्या नाहीत, पण उपकाराच्या ओझ्याने सदसद्विवेक वाकवलाही नाही. आणि १८९३ चा, रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाचा वाद. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातंय असा आरोप झाला, रानडे आणि भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं. ही गोष्ट आपल्या मंडळीत बहुतेक जण चटकन उरकतात. तुम्ही दोन्ही बाजू सांगितल्यात. म्हणालात, “ज्याला आपण मान देतो, त्याचं भांडणही पूर्ण ऐकावं. अर्धं ऐकलं तर ती पूजा झाली, मान नव्हे.”

त्याच सदनातली पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. बालविधवा. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हा तिथे आलेली. तिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. ती ख्रिस्ती झाली नाही, आणि तुम्ही मात्र तिला रमाबाईंच्या झाडाचं पहिलं फळ म्हणालात. आपल्या देवाच्या राज्याची कुंपणं तुमच्या मनात कुठवर आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

एकदा मी विचारलं, “बाई, पण बायबलात क्षमा करायला सांगितलंय ना?” तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. शेंगांची टरफलं सुपात गोळा केलीत आणि लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट काढलीत. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या. रडल्या, आजारी पडल्या, पण कुणाच्या म्हणण्याखातर धर्म बदलला नाही. पुढे नवऱ्याकडे आल्या त्या स्वतःच्या पायांनी, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. “क्षमा कर, जरूर कर,” तुम्ही म्हणालात, “पण ती तुझ्या पायांनी चालत गेली पाहिजे. दुसऱ्याने धरून नेलेली क्षमा देवाला काय कामाची?” आणि मग हळूच, “आणि क्षमा केली म्हणून त्याच घरात राहायला गेलं पाहिजे, असं शास्त्रात मला तरी कुठे सापडलेलं नाही.”

मी क्षमा केली, बाई. सहा वर्षं लागली. परत गेले नाही.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी जन्मभर ऋणी राहिले असते. पण तुम्ही शिक्षिका. महिना संपला आणि तुम्ही विचारलंत, “आता हाताला काय काम देणार?” रमाबाईंनी मुक्तीत पोरींना नुसती प्रार्थना शिकवली नाही. विणकाम, शिवण, शेती, दूधदुभतं, छापखाना सगळं शिकवलं. मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल शिकून येऊन अंध मुलींना वाचायला शिकवलं. “खाणारं तोंड म्हणून कुणी आत आलं तरी बाहेर पडताना हात घेऊन बाहेर पडावं, असं ते घर होतं,” तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी मला बसस्टँडमागच्या टायपिंग क्लासला घेऊन गेलात आणि पेन्शनमधून फी भरलीत. मी नको म्हणाले. तुम्ही क्लासच्या सरांना म्हणालात, “हिच्या बोटांत माझ्या आजीची बोटं आहेत, लवकर शिकेल.” लवकर कसली! मराठी मिनिटाला ३० शब्द गाठायला मला दोन परीक्षा द्याव्या लागल्या. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ला माझी बोटं अडखळायची. संध्याकाळी ओट्यावर मी पाटीवर बोटं आपटत सराव करायचे आणि तुम्ही बायबलमधलं एक एक वचन हळू आवाजात वाचायचात. माझ्या बोटांनी ते शास्त्र आधी ऐकलं, मग टाइप केलं.

आज मी एका छापखान्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तकं, दिवाळी अंकाची पानं, आणि मंडळीचं मासिक पत्रक. लेक सतरा वर्षांची झाली, हॉस्टेलला आहे. घरभाडं मी भरते. हे शब्द लिहिताना मला तुमचा ओटा दिसतो.

अजून एक गोष्ट चारचौघांत सांगायचीच आहे. तुम्ही रागावाल, पण सांगते. एका नाताळच्या प्रीतिभोजनाला टिळकांची भजनं झाली. अभंगाच्या चालीत, टाळ-मृदंगावर, जसं त्यांना हवं होतं तसं. आपल्या मातीच्या सुरात ख्रिस्ताला गावं म्हणून तो माणूस झिजला. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्याला त्याने ‘देवाचा दरबार’ मांडला, जिथे बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही येऊ शकत होते. भजनात सगळे डोळे मिटून डोलत होते. मग पंगत बसली. जुनी जातीची ओळख अजून कुणी विसरलेलं नव्हतं, आणि एक कुटुंब नेहमीप्रमाणे टोकाला, दाराजवळ बसलं. त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. तुम्ही मधल्या रांगेत बसला होतात. काही न बोलता ताट उचललंत, पाण्याचा तांब्या उचललात, आणि त्या रिकाम्या जागी जाऊन मांडी घातलीत. पुढच्या पंगतीत दोघं-तिघं तुमच्यामागे गेले. भाषण नाही, टोमणा नाही. रात्री मी विचारलं तर एवढंच म्हणालात, “गळ्यातून टिळक गायचे आणि पंगतीत बाजूला सरकायचं, हे मला जमत नाही गं.”

मंडळीच्या कपाटात अनेक संतचरित्रं आहेत. मी वाचली ती तुमच्या उठण्या-बसण्यात वाचली. रमाबाईंचं नाव घेऊन मला गप्प करायला आलेल्या माणसाला तुम्ही दोष दिला नाहीत, त्याच्याशी भांडलाही नाहीत. त्याने अर्धी सांगितलेली गोष्ट तुम्ही पूर्ण सांगितलीत, आणि मग ती टायपिंगच्या फीपर्यंत आणून पोहोचवलीत. आभार मानायचे तर या पोहोचवण्याचे. स्मृतिदिनाला हार घालणारे हात पुष्कळ आहेत. तो हार ओवून झाल्यावर उरलेला दोरा घेऊन कुणाचं तरी फाटलेलं शिवणारे हात मी फार पाहिलेले नाहीत.

तुम्हाला आता नीट दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. हे पत्र माझी लेक तुम्हाला वाचून दाखवेल. तिला सांगून ठेवलंय, जोडाक्षरं स्पष्ट वाच, बाईंना घाई चालत नाही.

आणि एक बातमी. गेल्या महिन्यापासून माझ्याकडे एक मुलगी राहते आहे. नाव-गाव लिहीत नाही. तीही एका पिशवीनिशी आली. मी काही विचारलं नाही, भाकरी वाढली. परवापासून तिला संगणकावर मराठी कीबोर्ड शिकवायला घेतलंय. ‘क्ष’ला तिचीही बोटं अडखळतात. तुमच्या आजीची उलट्या अक्षरांची गोष्ट सांगितली तर हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

रविवारी उपासना झाली की तिला घेऊन तुमच्याकडे येते. ते बायबल काढून ठेवा. पाठ पूर्ण सुटलीय, गेल्या वेळी पाहिलं होतं. छापखान्यातून बांधणीचं जाड कापड आणि खळ घेऊन येते. ओट्यावर बसून बांधून देते. ते उचललेलं अक्षर असलेलं पान तेवढं तुम्ही हाताने धरून ठेवा, सुटायला नको.

तुमची,
ओट्यावरची विद्यार्थिनी