शेकडा तीनचं गणित

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेत अर्थशास्त्र आणि पैशाचे व्यवहार शिकवावेत, अशी मागणी करणारी पत्रं आणि लेख आपल्या अंकात अधूनमधून वाचतो. मागणी रास्तच आहे. पण त्यांत घराचे हप्ते, क्रेडिट कार्ड आणि म्युच्युअल फंड याच्या पलीकडे फारसं काही येत नाही. मी तीस वर्षं विकास सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेत, गटसचिव होतो; तिचा हिशेब आणि वसुली माझ्याकडे असायची. गावातला पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे माझ्या खतावणीतून रोज जात होतं. म्हणून थोडं त्या बाजूने लिहितो.

माझी नात यंदा दहावीला आहे. गणिताच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे. शेअरची दर्शनी किंमत, बाजारभाव, दलाली, एसआयपी, वस्तू व सेवा कर, सगळी उदाहरणं ती झटपट सोडवते. एका संध्याकाळी मी तिला सहज विचारलं, “एक जण तीन टक्क्यांनी पैसे देतोय आणि पतसंस्था तेरा टक्क्यांनी. तू कुणाकडून घेशील?” ती हसली. “आबा, हे काय विचारणं झालं? तीन टक्क्यांवाल्याकडून.”

आमच्याकडे ‘तीन टक्के’ म्हणजे शेकडा तीन रुपये, दर महिन्याला. वर्षाचे ३६ टक्के. हे सांगायची गरज कुणाला वाटत नाही, कारण सगळ्यांना ते माहीत आहे असं धरलेलं असतं. घेणाऱ्यालाही ते माहीत असतं, पण ३६ हा आकडा त्याच्यासमोर कुणी लिहून दाखवलेला नसतो. पोरीला चक्रवाढव्याजाचं सूत्र पाठ आहे आणि चावडीवर रोज बोलला जाणारा व्याजाचा दर तिला वाचता येत नाही. चूक तिची नाही. सातवीत बँक आणि सरळव्याज आहे, आठवीत चक्रवाढव्याज, नववीत पुन्हा अर्थनियोजन. म्हणजे पुस्तकात काहीच नाही असं म्हणता येणार नाही. पूर्वी दहावीला भूगोलाच्या जोडीला अर्थशास्त्रही असायचं, अभ्यासक्रम बदलला तेव्हा ते गेलं. तेही मुलं व्याख्येपुरतंच पाठ करायची, त्यामुळे त्याचं मला फार दुःख नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की उदाहरण घरातल्या कागदावरून घ्या.

मार्चअखेरीचंच बघा. पीककर्जाचं ‘नवं-जुनं’ कसं होतं, हे गावातल्या प्रत्येक मुलाने बघितलेलं असतं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून शेतकऱ्याला ते बिनव्याजी पडतं. पण भरायला ३१ मार्चला हातात पैसे नसतात. मग पंधरा दिवसांसाठी कुणाकडून तरी शेकडा तीनने उचलायचे, सोसायटीत भरणा करायचा, नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून त्याचे परत करायचे. पंधरा दिवस झाले तरी व्याज पुऱ्या महिन्याचं. तीन लाखांवर ९,००० रुपये. म्हणजे कागदावर शून्य टक्के असलेलं कर्ज त्याला वर्षाला तीन टक्क्यांना पडलं, आणि ते तीन टक्के कुठल्याही पासबुकात दिसत नाहीत. नववीतल्या मुलाला हे गणित पाच मिनिटांचं आहे. त्यापुढे त्याने वडिलांना एवढं जरी विचारलं, की दिवाळीनंतर आलेल्या ऊसबिलातून थोडी रक्कम मार्चसाठी बाजूला ठेवता येणार नाही का, तर आर्थिक नियोजन म्हणतात ते दुसरं काय असतं?

उसाचंही तसंच. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. उतारा म्हणजे काय, तो अर्ध्या टक्क्याने वाढला तर टनामागे किती फरक पडतो, हे शेकडेवारीचं झकास उदाहरण आहे. आणि ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल मिळालं नाही तर उशिरावर १५ टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. दोन लाखांचं बिल साठ दिवस रखडलं तर सुमारे ४,९३० रुपये होतात. हे व्याज मागून घेतलेला शेतकरी माझ्या तरी पाहण्यात नाही. निदान आकडा तरी काढता यावा.

आता जामिनकीबद्दल. इथे मला माझंच माप माझ्या पदरात घालून घ्यावं लागेल. गावात समज असा, की जामीनदार म्हणजे साक्षीदार. मित्राने बोलावलं, चहा पाजला, सही केली. कायद्याने मात्र करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि वसुली आधी त्याच्याकडूनही करता येते. मी किती तरी जणांना बोट ठेवून “इथं सही कर” म्हणालो असेन. एकालाही थांबवून, “थकलं तर तुझ्या दारात नोटीस येईल” असं सांगितल्याचं आठवत नाही. गर्दी असायची, मार्च असायचा, ही सबब झाली. पुढे त्यांतल्या काहींच्या घरी सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुलीचे कागद घेऊन मीच गेलो. एका घरातल्या माउलीने मला पाणी दिलं आणि विचारलं, “पैसं तर त्यानं नेलं, मग तुम्ही आमच्याकडं कसं?” तिचा मुलगा तेव्हा दहावीत होता. तिथेच उभा होता.

इतिहासाच्या तासाला १८७५ सालचा दख्खनचा उठाव सांगता येतो. सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. नेमके कागदच का जाळले, ही गोष्ट सांगताना मास्तरांनी जामिनकीचा एक कोरा नमुना वर्गात फिरवला तर इतिहास आणि अर्थशास्त्र दोन्हींचा तास होईल.

दोन गोष्टींची मात्र धास्ती वाटते. पहिली म्हणजे, आर्थिक साक्षरतेच्या नावाखाली शाळेत विमा एजंट आणि शेअरचं ॲप विकणारे शिरतील. शेअर म्हणजे काय ते मुलांना जरूर कळू दे, पण शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये काय सांगितलं तेही त्याच तासाला सांगा: आधीच्या तीन वर्षांत वायदे बाजारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. आमच्या गल्लीतली पोरं ऊसबिलाच्या पैशावर मोबाइलवर ‘ऑप्शन’ खेळतात, म्हणून हे लिहितो.

दुसरी धास्ती जास्त नाजूक आहे. घरचे कागद वर्गात आणायला सांगितले, तर ज्याच्या घरात थकबाकी आहे ते पोर मान खाली घालेल. म्हणून कागद शिक्षकांनीच आणावेत, नावं खोडलेले. वीजबिल, खताची पावती, गाडीच्या कर्जाचा करार. माझ्या मुलाने गेल्या वर्षी मोटारसायकल घेतली. साठ हजारांचं कर्ज, दोन वर्षं, दहा टक्के ‘फ्लॅट’. हप्ता ३,०००. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या साठ हजारांवरच धरलेलं. उरलेल्या रकमेवर हिशेब मांडला तर दर अठरा टक्क्यांच्या वर जातो. नातीने तो महिना-महिना वहीत मांडला. दोन पानं लागली, आणि मग बापाला म्हणाली, “पप्पा, गाडी घेताना मला का नाही विचारलं?”

मोबाइलवरच्या पैशाचंही एक वाक्य फळ्यावर कायमचं लिहून ठेवावं: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. निम्म्या घरांत आईबापाचा पिन पोरांनाच माहीत असतो, तेव्हा सांगायचं त्यांनाच.

यासाठी नवा विषय, नवं पुस्तक, नवी परीक्षा नको. शिक्षकांच्या माथी आधीच सर्वेक्षणं आणि निवडणुकीची कामं कमी नाहीत. माझा मुलगा शाळेत होता तेव्हा तिथे ‘संचयिका’, म्हणजे मुलांची बचत बँक, होती. मुलंच खजिनदार, मुलंच लेखनिक, आठवड्याला रुपया-दोन रुपये भरायचे आणि पासबुकात नोंद. एकदा ताळा चुकला म्हणून खजिनदार पोरगा दिवसभर जेवला नव्हता. असं काही पुन्हा सुरू झालं, आणि गणिताच्या तासांपैकी महिन्याला एक तास असल्या कागदांना दिला, तर पुरे आहे.

हा एक तास फुकट घ्यायला मी तयार आहे, असं मागच्या महिन्यात आमच्या हायस्कुलात जाऊन सांगितलं. मुख्याध्यापकांनी मोठ्या आदराने बसवलं, ऐकून घेतलं आणि विचारलं, “कल्पना चांगली आहे, पण वरून काही पत्र आलंय का?”

वरून आलेलं नाही. म्हणून हे खालून पाठवतो आहे.

आपला,
एक निवृत्त गटसचिव
ता. वाळवा, जि. सांगली