किंडलचा पडदा: दुकानात नेण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, पुस्तकं वाचायच्या तुमच्या किंडलचा फोटो पाहिला. वर जुनं पान अडकलंय, खाली नवं उमटतंय. बहुतेक आतली काच गेली असावी, पण खात्री करून घ्या. नाहीतर दुकानदार आधी बॅटरी बदलायला लावेल.

या पडद्याला वीज लागते ती पान बदलताना. एरवी शाईचे काळे-पांढरे कण असतील तिथेच राहतात. त्यामुळे बॅटरी पार उतरली तरी शेवटचं पान दिसत राहतं आणि यंत्र बंद पडलंय असं वाटतं. म्हणून आधी दोनेक तास चार्ज करा. पाठ फुगलेली दिसली तर मात्र चार्जिंगला अजिबात लावू नका. मग पॉवरचं बटण सलग 40 सेकंद दाबून धरा, मध्येच सोडू नका. चालू होताना पडदा काळा-पांढरा लुकलुकतो. सगळा लुकलुकला आणि पान नीट उमटलं तर काही बिघडलेलं नाही. तेवढाच तुकडा तसाच राहिला तर पडदा गेला.

वरून बोट फिरवून तडा हाताला जाणवणार नाही. वरचा थर प्लास्टिकचा असतो. फुटते ती त्याखालची पातळ काच, पिशवीत दाब आला की. तिच्यावरच्या बारीक तारांना कडेकडून संदेश मिळतो. तार जिथे तुटते तिथून पुढचे ठिपके हलतच नाहीत, म्हणून एका बिंदूपासून फाटे फुटलेले आणि तिथून थेट कडेपर्यंत सरळ पट्टे दिसतात. नुसतीच एखादी सरळ रेघ असेल तर पडद्याला जोडणाऱ्या आतल्या तारांच्या पट्टीचा जोड सुटलेला असू शकतो. मागच्या पानाची अक्षरं पुसट दिसणं हा बिघाड नव्हे. सेटिंगमध्ये 'पेज रिफ्रेश' चालू करा.

आतला लाईट लागतोय का, तेही बघा. तो वेगळा असतो. लागला तर बॅटरी बहुधा ठीक. मग केबलने कॉम्प्युटरला जोडा. तिथे किंडल दिसलं तर 'डॉक्युमेंट्स'मधली 'माय क्लिपिंग्ज' फाईल आधी उतरवून घ्या. बाबांच्या सगळ्या खुणा नि टिपणं तीत आहेत. विकत घेतलेली पुस्तकं ॲमेझॉनच्या खात्यात आहेतच, त्यांची काळजी नको.

लाईटवाल्या मॉडेलमध्ये पडद्याचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. नुसती काच बदलून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका. त्याच मॉडेलचा अख्खा पडदा मिळत असेल तरच भाव विचारा, आणि तो मला कळवल्याशिवाय हो म्हणू नका. आई, तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही गं, हे पाण्याचं दुखणं नव्हे.

लाईट लावून एक आणि बंद करून एक, असे दोन फोटो पाठवा.

तुमची लेक