डिस्चार्जच्या कागदावर काय हवे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मनोरुग्णालयांची चर्चा निघाली की ती खाटा किती आणि मानसोपचारतज्ज्ञ किती, यावरच संपते. घरच्यांची ओढाताण मात्र रुग्ण घरी आल्यावर सुरू होते. हातात बहुधा गोळ्यांची नावे आणि ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ एवढाच मजकूर असतो. वास्तविक मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम ९८ नुसार डिस्चार्जपूर्वी रुग्ण, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत मदतीसाठी नेमलेली व्यक्ती) आणि रुग्ण ज्यांच्याकडे राहणार त्यांच्याशी बोलून पुढील उपचारांची योजना ठरवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

ही योजना कागदावर नसली की काय होते? बायपोलर आजारावरच्या (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरच्या) लिथियम या औषधाची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी मोजतात. सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. हे कोणी सांगत नाही, मग पातळी खोटीच जास्त दिसते आणि डोस विनाकारण कमी होतो. उलट जुलाब-उलट्यांनी किंवा अंगदुखीवरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने ती खरोखरच वाढते. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली तर पुढची गोळी न देता थेट रुग्णालय गाठायचे.

स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिन या औषधाचे तर आणखी वेगळे. ४८ तासांहून अधिक खंड पडला तर जुना डोस एकदम देणे धोक्याचे. रक्तदाब कोसळू शकतो, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या.

आणि खंड नेहमी रुग्णाच्या हट्टामुळेच पडतो, असे नाही. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वर सर्वत्र मोफत मिळावीत, असे कलम १८ सांगते. तरी पुष्कळदा ‘जिल्ह्याला जा’ असे उत्तर मिळते, म्हणजे मजुरी बुडवून एसटीचा प्रवास. म्हणून किमान महिन्याची औषधे सोबत द्यावीत, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात साठा आहे का हे फोनवर विचारून मगच त्याचे नाव कागदावर लिहावे.

आजार उलटण्याच्या खुणा मात्र रुग्णालाच विचारा. कोणाची आधी झोप उडते, कोणी जेवणावर संशय घेतो. समोर बसलेल्या माणसाला वगळून ‘हा कसा वागतो?’ असे नातेवाइकांना विचारणे थांबले पाहिजे. नामनिर्देशित प्रतिनिधीही त्यानेच निवडायचा. साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. तो घरातला कर्ता पुरुषच असावा, असे कायद्यात कुठेही नाही.

हे सारे लिहायला वॉर्डातल्या सिस्टर किंवा समाजसेवा अधीक्षकांचा अर्धा तास लागेल. रात्री-अपरात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही त्यावर असावा. प्रती दोन काढाव्यात. एक घरच्यांना, दुसरी रुग्णाला.

— शुभार्थी (मनोरुग्ण) व शुभंकर (त्यांची काळजी घेणारे) यांचा एक गट, पुणे