अलंग-मदन-कुलंगच्या मोहिमांना संख्येचे बंधन हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की शनिवार-रविवार साधून सह्याद्रीतील अलंग, मदन आणि कुलंग या दुर्गत्रयीवर जाणाऱ्या गटांच्या जाहिराती समाजमाध्यमांवर दिसू लागतात. तरुण मंडळी पाठीवर तंबू-शिधा घेऊन डोंगरात मुक्काम करतात, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु एकाच वेळी चाळीस-पन्नास जणांना या गडांवर नेण्याची जी प्रथा पडत चालली आहे, ती तातडीने थांबवली पाहिजे.

कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, हरिश्चंद्रगडाला पाचनईची सोपी वाट आहे. तिथे गर्दीने त्रास होईल, पण वाट अडत नाही. अलंग आणि मदनच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या मात्र इंग्रजांनी १८१८ मध्ये सुरुंग लावून उडवल्या आणि जिथे त्या तुटल्या, तिथे आजही दोराशिवाय वर जाता येत नाही. त्या टप्प्यावर एका वेळी एकच माणूस चढतो. हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा सुरक्षापट्टा) नीट आवळला आहे का, कॅरॅबिनरचा (दोर अडकवायच्या कडीचा) स्क्रू फिरवला आहे का, हे पाहून त्याला वर घेण्यास दहा मिनिटे धरली, तरी चाळीस जणांना साडेसहा तासांहून अधिक वेळ लागतो. सॅक वेगळ्या ओढून घ्यायच्या, कारण पाठीवरचे ओझे कातळावर माणसाला मागे खेचते. त्याचा वेळ निराळाच. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मग शेवटचे दहा-बारा जण अंधारात चढतात.

याहून गंभीर गोष्ट हार्नेसची आहे. मोठ्या गटात माणसे जास्त आणि हार्नेस कमी असतात, म्हणून वर पोहोचलेल्याने आपला हार्नेस काढून दोराला बांधून खाली सोडायचा, असा शिरस्ता पडला आहे. म्हणजे ज्याने आयुष्यात प्रथमच कातळ चढला, तो दमलेला मुलगा दरीच्या कडेला अरुंद पायरीवर, कशालाही न बांधलेला, उरलेल्यांची वाट पाहत बसतो. वरून दोर सांभाळणारा प्रशिक्षकही अखेर माणूसच. तासन्‌तास बिले (चढणाऱ्याला दोराने सांभाळून धरणे) दिल्यानंतर त्याचे हात आणि लक्ष सकाळसारखे राहत नाही.

पाण्याचाही विचार व्हावा. गडावरच्या कातळकोरीव टाक्यांत पावसाचे जेवढे साठते तेवढ्यावरच पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भागवायचे असते, आणि गुहेत मुक्कामाला आलेली पन्नास माणसे त्यातच भांडी विसळू लागली, तर मागून येणाऱ्यांनी प्यायचे काय?

राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. संयोजकांच्या नोंदणीची सोय झाली, हे चांगलेच झाले. परंतु नोंदणी आहे म्हणून कातळावरची रांग लहान होत नाही. माझी विनंती अशी की, दोर लागणाऱ्या गडांसाठी एका गटाची मर्यादा पंधरा असावी, प्रत्येकासाठी स्वतंत्र हार्नेस आणि हेल्मेट असावे, आणि मान्यताप्राप्त संस्थेत गिर्यारोहणाचा किमान प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेले दोन प्रशिक्षक सोबत असावेत. एका दिवशी किती गट चढतील याची नोंद पायथ्याच्या आंबेवाडीत ठेवावी आणि ते काम, योग्य मानधन देऊन, तिथल्याच वाटाड्यांकडे सोपवावे. कोणत्या वेळेनंतर कातळाला हात लावायचा नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते, आणि कोणी वर अडकले तर रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन प्रथम धावतात तेही तेच.

माणसे कमी झाली की प्रत्येकाचे शुल्क वाढेल, अशी हरकत संयोजक घेतील. ते वाढू द्यावे. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी कुलंग आहे. तिथली चढण दमछाक करणारी असली, तरी दोर लागत नाही. पर्यटन संचालनालयाने येत्या हंगामापूर्वी गिर्यारोहण संस्था आणि आंबेवाडीचे ग्रामस्थ यांना एकत्र बोलावून ही मर्यादा ठरवावी.

आपला,
एक गिर्यारोहक, नाशिक