विरंगुळा नको, हाताला काम हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ज्येष्ठांसाठी गावोगावी विरंगुळा केंद्रे काढावीत असा लेख आला होता. कॅरम, भजन, रक्तदाब तपासणी, वर्षातून एक सहल. लेखकाची कळकळ खरी आहे. पण ‘विरंगुळा’ या शब्दापाशी मी थांबलो आणि त्याच दिवशी हे पत्र लिहायला घेतले. दिवसभर राबून आलेल्याला विरंगुळा लागतो. ज्याच्या दिवसात कामच उरलेले नाही, त्याने कशातून विरंगुळा मिळवायचा?

मी 72 वर्षांचा आहे. रेल्वे मेल सर्विसमध्ये 37 वर्षे सॉर्टर होतो. त्यातली बरीचशी रात्रपाळीत गेली, धावत्या गाडीच्या डब्यात उभ्याने पत्रांची छाटणी करत. समोर खाने, हातात गठ्ठा, आणि पुढचे स्टेशन यायच्या आत बॅग बांधून तयार हवी. पत्ता खालून वर वाचायचा हे तिथे शिकलो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. माणसाचे नाव सॉर्टरच्या कामाचे नसते. पिनकोड 1972 पासून होता, पण तो न लिहिणारे अखेरपर्यंत होते. त्यांची पत्रे अक्षर लावूनच पोचवावी लागत.

2013 साली निवृत्त झालो. पहिली दोन वर्षे रात्री दोनला जाग यायची, कारण ती डबा उघडायची वेळ. उठून बसायचो. पत्नी विचारायची, “काही दुखतंय का?” काही दुखत नव्हते. सकाळी बागेतल्या बाकावर आम्ही चौघे बसत असू. महागाई भत्ता किती टक्के वाढला, कोणाची साखर किती आली, एवढेच बोलणे. शेजारी बसणारे गृहस्थ पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांनी धरणाच्या कामावर उमेदीची वर्षे काढली होती, हे मला त्यांच्या दहाव्याला कळले. दोन वर्षे खांद्याला खांदा लावून बसलो आणि मी त्यांना एकदाही विचारले नव्हते की तुम्ही काय करत होता. याची बोच अजून आहे.

2016 साली गावाकडच्या घराची वाटणी झाली. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक भाऊ रद्दीत घालणार होता, ती मी उचलून साताऱ्याला आणली. आत मोडीतले कागद. मोडी म्हणजे मराठी लिहिण्याची जुनी लिपी. आमच्या वडिलांना मोडी येत असे, आम्हा भावंडांपैकी कोणालाही नाही. पुराभिलेख संचालनालयाकडून मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात, तसा एक वर्ग जवळच्या कॉलेजात लागला होता. नाव घातले. वर्गात सगळी विशीतली मुले, साठीच्या पुढचा मी एकटा.

मोडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कागदावर आधी आडवी ओळ ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे ओघाने लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. ह्रस्व-दीर्घ पाळलेले नसते. एकच वळण कधी एक अक्षर असते, कधी दुसरे. अक्षर न् अक्षर लावायला गेलो की डोके फिरते. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की हे तर पत्ता वाचण्यासारखेच आहे. आधी ठरावीक जागा शोधायच्या. तारीख कुठे, ‘मौजे’ कुठे, ‘बि॥’ कुठे. ‘मौजे’ म्हणजे गाव, ‘बि॥’ म्हणजे बिन, अमक्याचा मुलगा. त्या खुंट्या सापडल्या की मधला मजकूर त्यांना धरून उलगडत जातो. 37 वर्षांची सवय निकामी झाली असे मी धरून चाललो होतो. ती डोळ्यांत तशीच होती.

आमच्या ट्रंकेतला पहिला कागद पुरा वाचायला मला चार महिने लागले. 1897 सालचे गहाणखत, दुष्काळातले. एका बाईने साठ रुपयांना जमीन गहाण टाकली होती. एका शब्दापाशी गाडी अडली, ‘को॥’. तो मला पेठेतल्या एका निवृत्त तलाठ्यांनी सांगितला. “कोम म्हणजे बायको. अमक्याची बायको.” पुढे माझ्या पणजोबांचे नाव होते. म्हणजे ती माझी पणजी. खाली सहीच्या जागी छोटे वर्तुळ आणि शेजारी लिहिणाऱ्याने नोंदवलेले, ‘निशाणी बांगडी’. लिहिता न येणारा शेतकरी नांगराची निशाणी करी, बाई बांगडीची. आमच्या घरात पणजोबांचे नाव श्राद्धाला घेतात. पणजीचे नाव कोणालाच माहीत नव्हते, माझ्या आत्याला सुद्धा नाही. ते मला त्या कागदात मिळाले. घरातले आहे म्हणून इथे लिहीत नाही. त्या संध्याकाळी मी दोन्ही भावांना, बहिणीला आणि नागपूरच्या पुतणीला फोन केले. ज्या भावाशी वाटणीनंतर बोलणे बंद होते, तो म्हणाला, “परत वाच.”

त्या तलाठ्यांना, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांना, मोडी येत नाही, पण जमिनीची भाषा येते. मला उलटे. म्हणून दर मंगळवारी दुपारी तीनला त्यांच्या ओसरीवर बसू लागलो. 2018 पासून हे चालू आहे. आता आम्ही सहा जण आहोत. निवृत्त मुख्याध्यापिका बाई मी वाचीन ते बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, स्वच्छ उतरवून घेतात आणि माझ्या चुका वहीच्या कडेला लाल शाईने लिहितात. एक एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांना एका जागी बसवत नाही, पण जिल्ह्यातले एकही गाव त्यांना अनोळखी नाही, आणि कागदातले जुने गावाचे नाव आज कोणत्या वस्तीला लागते ते तेच सांगतात. कोरेगावहून एक आजी येतात, वय 78. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली, तेव्हापासून त्यांचा मंगळवार चुकलेला नाही. तिकिटाच्या पैशासाठी सुनेकडे हात पसरावा लागत नाही, हे त्यांनी मला एकदा हळूच सांगितले. सरकारने ज्येष्ठांसाठी केलेल्या गोष्टींत ही मला सर्वांत मोलाची वाटते. ती सवलत देवदर्शनासाठी आहे असे लोक म्हणतात. आजींना ती ओसरीपर्यंत आणते.

त्या आजी स्वतः वाचत नाहीत, ऐकतात. जात्यावरच्या ओव्या, नात्यांची नावे, भांड्यांची, धान्याच्या मापांची नावे त्यांच्याकडे आहेत. अडशेरी आणि पायली यांचा हिशेब त्यांनी घातला तेव्हा एका वाटणीपत्राची बेरीज जुळली. कोरोनात दीड वर्ष ओसरी बंद होती. बाईंच्या नातवाने ग्रुप करून दिला आणि आम्ही मोबाइलवर फोटो मोठे करून वाचत राहिलो. त्या काळात आमच्यातल्या एकाची पत्नी गेली. तेराव्यानंतरच्या मंगळवारी त्यांनीच पहाटे ग्रुपवर लिहिले, “आजचा कागद कोणता?”

2023 साली मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. लोक कापडात बांधलेली दप्तरे घेऊन ओसरीवर येऊ लागले. आम्ही जे आहे तेच वाचतो, जे हवे ते नाही, हे प्रत्येकाला आधी सांगतो. काही जण निराश होऊन गेले. पण त्यांच्याबरोबर आलेली दोन मुले आमच्याकडेच थांबली. एक अभियांत्रिकीला आहे, दुसरी बी.ए.ला. मी त्यांना वळणे शिकवतो, ती मला स्कॅन करायला शिकवतात.

आता मागणे. आम्ही सहा जणांनी एका सरकारी कार्यालयात जाऊन सांगितले होते की तुमच्याकडची मोडी दप्तरे आम्ही विनामोबदला वाचून सूची करून देतो. उत्तर मिळाले, “आजोबा, आता आराम करा.” बोलणारा मुलगा वाईट नव्हता. त्याने पाणी दिले, खुर्ची दिली. पण बाई परत येताना रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे गठ्ठे आहेत. तालुक्याच्या गावांतून, देवस्थानांतून, वाड्यांतून किती असतील त्याची गणती नाही. एकीकडे हे वाचायला माणसे नाहीत, दुसरीकडे वाचायला वेळ असलेली माणसे बाकावर बसून आहेत. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मूळ कागदाला हात न लावता, स्कॅनवरून हे काम आम्हाला करू द्यावे. मोडीच्या वर्गाची जाहिरात कॉलेजांच्या फलकावर लागते, ती पेन्शन जमा होते त्या बँकेत आणि पोस्टातही लावावी. आणि जी सार्वजनिक ग्रंथालये दुपारी बंद असतात, त्यांनी आठवड्यातून एक दुपार तळमजल्यावरची खोली उघडी ठेवावी. भाऊसाहेबांच्या ओसरीला चार पायऱ्या आहेत आणि आजींना तिसऱ्या पायरीवर थांबावे लागते.

मोडी सर्वांना रुचेल असे नाही. कोणाला बियाण्यांची माहिती असेल, कोणाला विहिरींची, कोणी चाळीस वर्षे वायरमन असेल. ते कोणीतरी विचारायला हवे.

आपल्याकडे एक विनंती. पुरवणीत शब्दकोड्याशेजारी आठवड्याला एक मोडी कागद छापा, फक्त पाच ओळी, आणि उत्तर पुढच्या आठवड्यात. निवडून, तपासून देण्याचे काम आम्ही करू.

वाचकांपैकी कोणाकडे असे कागद असतील तर मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. उजेडात फ्लॅश न लावता फोटो घ्यावा. शिक्क्याची जागा आणि मागची कोरी वाटणारी बाजूही फोटोत यावी. आमच्या गहाणखताची फेड झाल्याची नोंद त्या मागच्या बाजूलाच होती, साठ रुपये, अकरा वर्षांनी.

आपला नम्र,
एक निवृत्त सॉर्टर
यादोगोपाळ पेठ, सातारा